एका कोंबडीला एकच कलेजी

लहानपणी आमच्या घरात खाणारी तोंडं पाच होती आणि पातेल्यात कोंबडी एक. मांड्या दोन, पंख दोन, छातीचे तुकडे हवे तेवढे पाडता यायचे. कलेजी मात्र एकच. दोन किलोच्या कोंबडीत ती चाळीसेक ग्रॅमची निघते, शिजली की अजून आक्रसते. एवढ्याशा तुकड्याची पाच जणांत वाटणी होण्यासारखी नव्हती आणि तसा प्रश्नही कधी आला नाही. ती ताईची होती. ताई अशक्त होती. ‘अशक्त’ हा शब्द घरात असा वापरला जायचा की मला तो तिला मिळालेला मान वाटे. वाढायला बाबा बसायचे. पातेल्यात पळी फिरवत राहायचे, तळाशी लपलेली कलेजी बरोबर शोधून काढायचे आणि काही न बोलता ताईच्या ताटात सोडायचे.

मी एकदा ती चोरली. ताई हात धुवायला गेली होती, तेवढ्यात तिच्या ताटातून उचलून थेट तोंडात टाकली. दाताखाली खडू फुटावा तसं झालं. कोरडी, भुसभुशीत, आणि मागून जिभेवर गंजक्या लोखंडाची चव. गिळवेना आणि थुंकवेना, कारण थुंकले तर चोरी उघडी पडणार. शेवटी तळहातावर घेऊन मूठ मिटून बसले. ताईने माझ्या मुठीकडे पाहिलं आणि तिला हसू आवरेना. तिलाही कलेजी आवडत नव्हती हे मला तेव्हा कळलं. औषध म्हणून ती गिळायची, एवढंच.

त्यानंतर तीस-बत्तीस वर्षं मी कलेजीच्या वाटेला गेले नाही.

चव्वेचाळिसाव्या वर्षी जिना चढताना धाप लागायला लागली. दुसऱ्या मजल्यावर पोचले की कठड्याला धरून उभी राहायचे आणि मोबाइल बघायचं नाटक करायचे. केस गळत होते, पण ते कुणाचे गळत नाहीत? रिपोर्ट आला तेव्हा हिमोग्लोबिन ९.२ होतं. बाईच्या रक्तात ते १२ च्या खाली गेलं की पंडुरोग समजायचा, असा जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक आहे. फेरिटिन, म्हणजे शरीरात शिल्लक असलेल्या लोहाचा पासबुकातला आकडा, ६. खातं जवळजवळ रिकामं. डॉक्टरांनी आधी पाळीची चौकशी केली, सोनोग्राफी सांगितली, गोळ्या लिहून दिल्या आणि जाता जाता विचारलं, “मांसाहार करता का? मग कलेजी खात जा.”

मला एकदम मूठ मिटून बसलेली मी आठवले.

पाकिटातली कलेजी मी बशीत ओतली आणि जरा वेळ नुसती बघत बसले. तीस वर्षांपूर्वी ती नीट पाहिलीच नव्हती. तपकिरी म्हणावी तर लालसर, लाल म्हणावी तर जांभळी. ओल्या दगडासारखी चकाकणारी आणि हाताला मात्र इतकी मऊ की बोटाचा दाब जरा जास्त पडला तर फाटेल. प्रत्येकीचे दोन भाग, एक मोठा, एक धाकटा, आणि दोघांना जोडणारा पांढरा चिवट दोरा. तो सुरीने काढून टाकायचा. एका तुकड्याच्या कडेला हिरवट डाग होता, कुणीतरी पेनची शाई पुसावी तसा. पित्ताची पिशवी तिथे चिकटलेली असते. ती काढताना फुटली की पित्त उतरतं आणि त्याचा एक थेंब अख्खा तवा कडू करू शकतो. मला हे माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी डाग तसाच ठेवून शिजवली आणि आणखी तीस वर्षं लांब राहावं असं वाटलं. दुसऱ्या खेपेपासून डागाच्या भोवतालचा बोटभर भाग कापून टाकायला लागले.

आपण ‘काळीज’ म्हणतो तेव्हा मनात हृदय असतं. काळीज धडधडतं, काळजाचं पाणी होतं, काळजाला घरं पडतात. शब्द मात्र मुळात यकृताचा. संस्कृतात यकृताला ‘कालखंड’ असंही नाव आहे, काळा तुकडा. (आपण हल्ली इतिहासाच्या लेखात जो कालखंड लिहितो तो वेगळा. पण परीक्षेच्या पेपरात ‘शिवकालीन यकृत’ अशी कल्पना करून मी एकटीच हसले होते.) खाटकाच्या ओट्यावर काळीज यकृत राहिलं आणि घरात येऊन हृदय झालं. ‘काळजी’देखील या काळजालाच चिकटून आलेली. बाबा पळी फिरवत जे शोधायचे ते यातलं नेमकं काय, हे आता सांगणं कठीण आहे.

या तुकड्यात एवढं असतं काय, म्हणून मी पोषणाचे तक्ते काढून बसले. मला आकडे आवडतात, हिशेबाच्या कामात आयुष्य गेलंय. शिजवलेल्या १०० ग्रॅम कलेजीत साधारण २४ ग्रॅम प्रथिनं, साडेसहा ग्रॅम चरबी आणि १६७ उष्मांक. इथवर कुठल्याही बऱ्या मांसासारखंच. पुढचे रकाने वाचताना मात्र दशांशचिन्ह चुकलंय का, असं वाटायला लागतं. लोह साडेअकरा मिलिग्रॅम. त्याच कोंबडीच्या छातीच्या मांसात ते जेमतेम एक मिलिग्रॅम असतं. बी-१२ जवळपास १७ मायक्रोग्रॅम, आणि मोठ्या माणसाची दिवसाची गरज आहे २.४. फोलेट पाचशे ऐंशीच्या आसपास, दिवसाची गरज ४००. रायबोफ्लेविन, सेलेनियम, कोलीन, झिंक सगळे हजर. क जीवनसत्त्वसुद्धा थोडंफार आहे. मांसाच्या तक्त्यात तो रकाना एरवी रिकामाच असतो. आणि अ जीवनसत्त्व चार हजार मायक्रोग्रॅमच्या घरात. या शेवटच्या आकड्यावरून मी तेव्हा नजर फिरवली आणि पुढे गेले. तो नंतर परत भेटला.

कारण तसं साधं आहे. स्नायू काम करतो, यकृत साठवतं. पोटातून आलेलं रक्त आधी यकृतातून जातं. काय ठेवायचं, काय पुढे धाडायचं, काय मोडून बाहेर टाकायचं हे तिथे ठरतं. अ जीवनसत्त्व, बी-१२, लोह, तांबं ही उद्याची शिधासामग्री तिथल्या कोठीत भरली जाते. आपण कलेजी खातो म्हणजे कोंबडीची कोठी लुटतो. माणसाच्या यकृतातही बी-१२ चा इतका साठा असतो की आहारातून ते पूर्ण बंद झालं तरी तुटवडा जाणवायला वर्षं लागतात. आणि कोठीत तेच मिळणार जे आधी आत गेलं. कोंबडीच्या खाद्यात जीवनसत्त्वं किती मिसळली होती त्यावर तिच्या यकृतातला साठा बदलतो, त्यामुळे तक्त्यातला आकडा सरासरीचा धरायचा. बी-१२ तर कोंबडीही बनवत नाही आणि झाडही बनवत नाही. जगातलं सगळं बी-१२ सूक्ष्मजीव तयार करतात, बाकी आपण सगळे उसनवारीवर.

“यकृत म्हणजे शरीराची गटारगाळणी, त्यात सगळं विष साठतं, ते कसलं खातेस?” असं मला एका मैत्रिणीने नाक मुरडून विचारलं. हा समज फार पसरलेला आहे आणि ऐकायला तर्कशुद्धही वाटतो. पण यकृत म्हणजे जाळी नव्हे, की कचरा अडकून बसावा. ते विषारी द्रव्यं मोडतं, त्यांचं रूप पालटतं आणि पित्तातून किंवा मूत्रपिंडाकडे पाठवून बाहेर काढतं. कॅडमियमसारखे जड धातू यकृतात आणि मूत्रपिंडात साठू शकतात हे खरं, पण ते साठायला आयुष्य लागतं, आणि मांसासाठी वाढवलेली कोंबडी साधारण दीड महिना जगते. भीती घालायचीच तर जंतूंची घाला, त्याकडे येतेच.

आधी माझ्या लोहाचा हिशेब. माझ्या उंची-वजनाच्या बाईचं हिमोग्लोबिन नऊवरून तेरावर न्यायचं आणि रिकामी कोठीही भरायची, तर अंदाजे एक ग्रॅम लोह लागतं. एक ग्रॅम! भिंतीत ठोकायच्या लहानशा खिळ्याएवढं. सबंध शरीरातच मुळी तीन-चार ग्रॅम असतं. आता पन्नास ग्रॅम शिजलेल्या कलेजीत सुमारे सहा मिलिग्रॅम लोह. रक्तामांसातलं ‘हीम’ लोह साधारण १५ ते ३५ टक्के अंगी लागतं, पालेभाज्या-धान्यांतलं त्यापेक्षा बरंच कमी. कलेजीतलं सगळंच लोह हीम नसतं, बराचसा भाग फेरिटिन या साठवणीच्या प्रथिनात बांधलेला असतो. उदार होऊन हिशेब केला तरी एका वाढपातून दीड मिलिग्रॅम हाती लागेल. आणि रोजची साधी झीजच एक-दोन मिलिग्रॅमची, पाळीचे दिवस वेगळे. म्हणजे नुसत्या कलेजीवर तो खिळा परत मिळवायला बसले असते तर पेन्शनच्या वयाला पोचले असते.

तेव्हा सरळ सांगते. मला बरं केलं ते गोळ्यांनी, आणि जिथून रक्त जात होतं ती जागा शोधून केलेल्या उपचारांनी. गोळ्यांनी पोट दगडासारखं झालं, तोंडाची चव गेली, पण काम त्यांनीच केलं. तांबड्या पेशीचं आयुष्य १२० दिवसांचं असतं, त्यामुळे शरीराला घाई करून चालत नाही. तीन-साडेतीन महिन्यांनी हिमोग्लोबिन १२.४ झालं. कलेजीचा वाटा म्हणाल तर तिने हातभार लावला, आणि गोळ्या संपल्यावर भरलेली कोठी पुन्हा रिकामी होऊ नये याची राखण केली. त्या वेळी मात्र मला हे सांगितलं असतं तर पटलं नसतं. मी कलेजीची भक्त झाले होते.

भक्ती वाढायला एक गोष्ट कारणीभूत झाली. रक्त आणि यकृत यांचं नातं शोधता शोधता मी १९२० च्या दशकात पोचले. तेव्हा ‘पर्निशस ॲनिमिया’ नावाचा एक पंडुरोग होता. झाला की माणूस हळूहळू पिवळा पडत, पायांतली संवेदना जात मरायचा. इलाज नव्हता. अमेरिकेत जॉर्ज व्हिपल आणि फ्रीडा रॉबशाइट-रॉबिन्स कुत्र्यांवर प्रयोग करत होते. कुत्र्यांचं रक्त काढून त्यांना पंडुरोगी करायचं आणि कोणत्या अन्नाने रक्त लवकर भरून येतं ते पाहायचं. सगळ्यांत उजवं ठरलं यकृत. ते वाचून बोस्टनमधल्या जॉर्ज मायनॉट आणि विल्यम मर्फी यांनी आपल्या रुग्णांना यकृत खाऊ घालायला घेतलं. चिमूटभर नव्हे, रोज १२० ते २४० ग्रॅम. १९२६ मध्ये त्यांनी ४५ रुग्णांची हकिगत छापली. मरणाच्या दारातली माणसं उठून बसली होती. १९३४ चं वैद्यकाचं नोबेल व्हिपल, मायनॉट आणि मर्फी या तिघांना मिळालं. रॉबशाइट-रॉबिन्सना नाही. वर्षानुवर्षं त्या व्हिपलच्या बरोबरीने राबल्या होत्या, शोधनिबंधांवर दोघांची नावं आहेत. वाचताना माझी पळी तव्यावर जरा जोरात आपटली असेल.

यातली खरी गंमत पुढे आहे. व्हिपलच्या कुत्र्यांचं रक्त काढलेलं होतं, म्हणजे त्यांना कमी पडलं होतं लोह, आणि यकृतातल्या लोहाने ते सुधारले. बोस्टनच्या रुग्णांना लोहाची उणीव नव्हतीच. त्यांना हवं होतं ते दुसरंच काहीतरी, तेव्हा त्याला नावही नव्हतं. ते योगायोगाने त्याच यकृतात होतं. दार दुसऱ्याचं ठोठावलं आणि आत आपलाच माणूस निघाला! त्या ‘काहीतरी’चे लाल स्फटिक हाती यायला १९४८ उजाडलं. तेच बी-१२. डोरोथी हॉजकिन या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञांनी क्ष-किरणांनी त्याची रचना उलगडली तेव्हा त्याच्या मधोमध कोबाल्टचा एक अणू बसलेला दिसला. आणि मायनॉट स्वतः मधुमेही होते. १९२१ च्या सुमाराला त्यांना मधुमेह निघाला. इन्शुलिनचा शोध अगदी तेव्हाच लागला, नाहीतर यकृत खाऊ घालायला ते उरलेच नसते.

त्याच काळात, १९२८ मध्ये, लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना होणारा पंडुरोग त्यांना अभ्यासायचा होता. त्या बायकांच्या रक्तपेशी फुगून मोठ्या झालेल्या दिसायच्या, पर्निशस ॲनिमियासारख्याच, पण आजार तो नव्हता. यीस्टपासून केलेल्या मार्माइटने त्या बऱ्या झाल्या, साध्या यकृताच्या अर्कानेही झाल्या. पर्निशस ॲनिमियावर चालणारा शुद्ध केलेला अर्क मात्र त्यांना लागू पडला नाही. म्हणजे यकृतात तिसरंही काही होतं आणि शुद्धीकरणात ते निघून जात होतं. ते फोलेट. पुढे १९४१ मध्ये ते पालकाच्या पानांतून वेगळं काढलं म्हणून पानाच्या लॅटिन शब्दावरून त्याचं नाव पडलं. नाव पानाचं लागलं, पण तोलाला तोल लावला तर कलेजीत फोलेट कच्च्या पालकापेक्षा दुप्पट-तिप्पट निघतं. आज गरोदर बाईला पहिल्याच भेटीत फॉलिक ॲसिडची गोळी लिहून देतात तेव्हा त्या गिरणीतल्या बायकांची कुणाला आठवण असते?

तर, हे सगळं वाचून मी पेटले. आठवड्यातून चार दिवस कलेजी. कधी कांद्यावर परतून, कधी नुसती मिरपूड-मीठ लावून. ती खडूसारखी का लागते तेही सापडलं होतं, जास्त शिजवल्यामुळे. बाबांच्या पातेल्यात ती सगळ्या कोंबडीबरोबर तासभर रटरटायची. तिचं काम खरं तर पाच-सहा मिनिटांचं. तवा चांगला तापलेला हवा, तुकडे एकमेकांना न खेटता ठेवायचे, एकदाच उलटायचे आणि मीठ उतरवताना घालायचं. आतून रेशमासारखी लागते. पण त्या रेशमाच्या नादात ती आतून कच्ची ठेवायची नाही. कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू कोंबडीच्या यकृतात नुसता वरवर बसत नाही, आतही शिरलेला असू शकतो. त्यामुळे बाहेरून खरपूस, आतून लाल-ओली ही हौस अंगाशी येते. आतलं तापमान ७४ अंशांना पोचायला हवं. मी शेवटी मांसात खुपसायचा थर्मामीटर घेतला. घरच्यांनी त्याची यथेच्छ चेष्टा केली. आणि कच्ची कलेजी नळाखाली धुऊ नये. जंतू धुतले जात नाहीत, ओट्यावर आणि ताटवाट्यांवर मात्र उडतात.

माझ्या भक्तीवर पाणी ओतलं ते मावसबहिणीने. ती आहारतज्ज्ञ आहे. फोनवर मी माझ्या आठवड्याचं कौतुक सांगत होते, ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, “लोहाचं कळलं. अ जीवनसत्त्वाचं गणित केलंस का?”

मी ज्यावरून नजर फिरवली होती तो आकडा असा परत आला. बाईची दिवसाची गरज ७०० मायक्रोग्रॅम. पन्नास ग्रॅम कलेजीत दोन हजार. मी एका बैठकीला शंभर-सव्वाशे ग्रॅम खात होते, म्हणजे चार-पाच हजार, आणि रोज नियमित घेण्याची वरची मर्यादा आहे ३,०००. गाजरातलं बीटा कॅरोटीन शरीर गरजेपुरतंच अ जीवनसत्त्वात बदलतं, जास्त झालं तर फार तर कातडीला पिवळट झाक येते. यकृतात ते आयतं, तयार रेटिनॉल असतं. ते चरबीत विरघळतं, लघवीवाटे जात नाही, आणि कोंबडीने जसं साठवलं तसं आपलंही यकृत साठवत राहतं. जुन्या वैद्यकाने रातांधळेपणावर यकृत खायला सांगितलं ते याच रेटिनॉलच्या बळावर. अंधुक उजेडात पाहण्यासाठी डोळ्याच्या पडद्याला तेच लागतं. आणि याच रेटिनॉलने माणसं आजारीही पडली आहेत. १५९७ मध्ये बॅरेन्ट्सच्या मोहिमेतल्या डच खलाशांनी उत्तर ध्रुवाकडे ध्रुवीय अस्वलाचं यकृत खाल्लं, काही जण फार आजारी पडले आणि त्यांच्या अंगाची सालं निघाली. १९१३ च्या जानेवारीत अंटार्क्टिकात झाव्हिअर मेर्ट्झ हा शोधमोहिमेवरचा माणूस मेला. अन्न संपल्यावर तो आणि मोहिमेचा प्रमुख डग्लस मॉसन आपल्या गाडीची कुत्री खात होते, यकृतासकट. मेर्ट्झच्या मरणामागे अ जीवनसत्त्वाची विषबाधा असावी असा संशय नंतर मांडला गेला. कोंबडीच्या यकृताची अस्वलाशी तुलना नाही, एका जेवणाने कुणाला काही होत नाही. पण जो माल इतका दाट भरलेला असतो त्याला दुसरी बाजूही असते, हे मला तक्ता समोर असून दिसलं नव्हतं. ब्रिटनच्या आरोग्य सेवेचा सल्ला आहे, कलेजी आठवड्यातून एकदाच, आणि गरोदर बाईने अजिबात नाही. गर्भाच्या सुरुवातीच्या महिन्यांत जादा रेटिनॉल बाळाच्या घडणीत बिघाड करू शकतं. मी चार दिवसांवरून एका दिवसावर आले. चिडत आले, पण आले.

पुढच्याच महिन्यात ताईची लेक दिवस राहिल्यावर पहिल्यांदा आमच्याकडे आली. चेहरा उतरलेला, हिमोग्लोबिन दहा. ताई हक्काने म्हणाली, “हिला कलेजी करून घाल गं, तुला आता छान जमते म्हणे.” मी नाही म्हटलं. ताई माझ्याकडे बघतच राहिली. अशक्त मुलीला कलेजी नाही, असं आमच्या घरात पहिल्यांदाच घडत होतं. भाचीला मी अंडी, डाळ, वर लिंबू पिळलेली पालेभाजी वाढली आणि चहा जेवणानंतर तासाभराने दिला, चहा लोह धरून ठेवतो म्हणून. ताईला मग कारण सांगितलं. ती म्हणाली, “बरं झालं. मला पण वाढू नकोस. माझं युरिक ॲसिड वाढलंय.” कलेजीत प्युरीन भरपूर आणि त्यातूनच युरिक ॲसिड बनतं, तेव्हा तिलाही बंद. म्हणजे जिच्यासाठी बाबा पळी फिरवायचे तीच आता पंगतीतून उठली होती. “सुटले बाई,” असंही म्हणाली.

राहिले बाबा. ते एक्क्याऐंशीचे. तळपाय बधिर झाल्यासारखे वाटतात म्हणायला लागले, भिंत धरून चालायला लागले. तपासलं तर बी-१२ फार खाली. मला मनातून आनंदच झाला, खोटं कशाला बोलू? यावर तर इतिहासातलं सगळ्यांत गाजलेलं औषध माझ्या फ्रीजमध्ये होतं. दात नसलेल्या माणसाला कलेजीसारखं मऊ मांस दुसरं नाही. त्याच दिवशी केली आणि डॉक्टरांना मोठ्या तोऱ्यात सांगितलंही.

डॉक्टर म्हणाले, खाऊ द्या, पण भरवसा ठेवू नका. अन्नातलं बी-१२ प्रथिनाला घट्ट चिकटलेलं असतं. ते सोडवायला पोटातलं आम्ल लागतं. म्हातारपणी ते आम्ल कमी होतं आणि बाबा तर बारा-पंधरा वर्षं ॲसिडिटीची गोळी घेत होते. कोठी भरलेली आहे, पण किल्ली हरवलीय, असा प्रकार. गोळीतलं किंवा इंजेक्शनमधलं बी-१२ मुळात सुटं असतं, त्याला या किल्लीची गरज नाही. इंजेक्शनं सुरू झाली. महिन्या-दीड महिन्यात भिंतीचा हात सुटला.

तरी आठवड्याची माझी कलेजी ठरलेली असते. परवा ताटं घेतली तेव्हा बाबा टेबलाशी बसले होते आणि तव्याकडे बघत होते. मी म्हटलं, “तुम्हाला आता याची गरज नाही हो. इंजेक्शन चालू आहे ना.”

“म्हणजे आता हे औषध नाही?”

“नाही.”

“मग वाढ की मला.”

एक कलेजी वाढली. त्यांनी चमच्याच्या कडेने तिचे चार तुकडे केले, एकेक तोंडात घोळवत सावकाश संपवले. मला वाटलं, आता म्हणतील मीठ कमी झालंय. ते म्हणाले, “मला फार आवडायची ही. तुझ्या ताईला कधी नाही आवडली.” आणि बशी पुढे केली.

मी मनातल्या मनात मायक्रोग्रॅम मोजले आणि अजून एक वाढली.